दोन उदबत्त्या

आमच्या गाडीचे मागचे दिवे मंद नाहीत, असं अण्णांचं म्हणणं आहे. मागून येणाऱ्या लोकांची नजर मंद आहे.

"पूर्वीचे ड्रायव्हर रस्त्याकडे बघून गाडी चालवायचे," अण्णा म्हणतात. "बैलगाडीखाली टांगलेला कंदील दिसला तरी थांबायचे. आता यांना समोर दिवाळी लागते."

अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी पाण्याला उतार दिला, स्वतः मात्र कशाहीपुढे उतरले नाहीत. मी बँकेत कारकून. आम्हाला आता निराळं इंग्रजी नाव दिलंय, पण खिडकीपुढं उभा राहणारा माणूस नाव बदलल्यामुळे कमी ओरडत नाही. बढतीबरोबर बदली येते, म्हणून मी सातारा सोडायला लागू नये इतपतच हुशारी दाखवत आलो. शिक्षण बी.कॉम. या पदवीबद्दल अण्णांना मनातून फार वाईट वाटतं. "दोन आणि दोन चार हे लिहिण्यासाठी तीन वर्षं घालवलीस," असं ते अजून म्हणतात.

आणि गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मॉडेल १९८१. अण्णांनी ती १९८८ साली एका डॉक्टरांकडून घेतली. सेकंडहँड गाडी नेहमी डॉक्टरांचीच असते. "फक्त व्हिजिटला वापरलेली" हे तिचं प्रमाणपत्र. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. गाडी दारात आली, चाकाखाली लिंबं ठेवली, आईनं ओवाळलं, कंदी पेढे वाटले. चौथ्या पेढ्यानंतर मला गाडीचं फारसं आठवत नाही. पण तेव्हापासून ती घरातच आहे. माझ्या लग्नात तीच होती, मुलीला दवाखान्यातून घरी आणलं ते तिच्यातूनच, आणि आईला शेवटचं दवाखान्यात नेलं तेही तिच्यातूनच. अशा वस्तूची किंमत घसारा काढून ठरत नाही. हे वाक्य एका बी.कॉम. माणसाला लिहावं लागतंय, यावरून काय ते समजा.

तिचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबलं. मुंबईत ती काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात आणखी काही वर्षं टिकली, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेनुसार निवृत्त झाली. ती बातमी टीव्हीवर लागली त्या रात्री अण्णा अर्धी भाकरी ठेवून उठले. हात धुऊन खाली गेले, फडकं घेतलं, आणि आमच्या गाडीची काच पुसून आले. रात्री साडेनऊला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. अण्णा गाडी पुसत होते, पण चालवत नव्हते. त्याच्या दोन वर्षं आधी रिव्हर्स घेताना त्यांनी ती दूधवाल्याच्या सायकलवर घातली होती. दूधवाला उडी मारून वाचला. दूध वाचलं नाही. त्याच संध्याकाळी मी "सर्व्हिसिंगला टाकतो" म्हणून किल्ली घेतली. गाडी सर्व्हिसिंगहून चार दिवसांत आली. किल्ली माझ्या कपाटातून आलीच नाही. अण्णांनी मागितली नाही, मी दिली नाही. आमच्या घराण्यात मोठे निर्णय असेच होतात. त्यांवर चर्चा होत नाही आणि ते मागेही घेतले जात नाहीत.

तर त्या टॅक्सीच्या बातमीनं मीही जरा हळवा झालो होतो. डिसेंबरात पुण्याला मेव्हण्याच्या मुलाचं लग्न होतं. मी घोषणा केली, "आपण पद्मिनीनं जाऊ." सौभाग्यवती म्हणाली, "अहो, एसटीनं गेलो तर वेळेवर पोचू." पण हळव्या माणसाला वेळेचं काय? गेलो. जाताना सुरेख गेलो. कार्यालयाच्या दारात लोकांनी नवऱ्यामुलाला सोडून गाडीबरोबर फोटो काढले. येताना मात्र पंगत लांबली, अहेर लांबले, निरोप तर फारच लांबले. पुण्यातले लोक लवकर निरोप घेतात ही केवळ अफवा आहे.

खंबाटकी घाटाला लागलो तेव्हा पुरता अंधार पडला होता. तेव्हा साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा मिळायचा, पुण्याहून साताऱ्याला येताना मात्र घाट चढावा लागायचा. म्हणजे नेमकं दमून येताना चढण. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, आमची मुलगी मागच्या सीटवर आडवी झोपलेली, आणि मी अण्णांकडून शिकलेल्या पद्धतीनं इंजिनाला तोंडानं धीर देत होतो. एवढ्यात मागून आधी हॉर्न आला, मग ब्रेकची किंकाळी आली, आणि मग आरशात नुसता पांढरा उजेड झाला. त्या उजेडात मला मुलीचं झोपेत उघडं पडलेलं तोंड दिसलं. काही क्षण आवाज असा आलाच नाही. मग कसलातरी वास आला. रबराचा.

ट्रक थांबला होता. माझ्या अंदाजानं चार हातांवर. सौभाग्यवतीच्या अंदाजानं दीड.

घाटमाथ्यावर मी गाडी बाजूला घेतली तसा तोही थांबला. ड्रायव्हर खाली उतरून आला. मला वाटलं आता काही बरं ऐकायला मिळणार नाही, कारण ट्रकड्रायव्हरांच्या शब्दसंग्रहाची मला थोडी कल्पना आहे. पण तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. त्यानं मागच्या काचेतून आत पाहिलं, पोरगी उठून बसली होती ती पाहिली, आणि गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"ओ पावनं," तो म्हणाला, "गाडीला मागनं दिवं हायत, का उदबत्त्या लावल्यात?"

मी मागे गेलो. आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांत रात्रीच्या काळोखात, दिवे लागलेले असताना, मी त्या गाडीच्या मागे कधी उभाच राहिलो नव्हतो. उभा राहणार तरी कसा? दिवे लागलेले असतात तेव्हा आपण आत असतो. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, तसे स्वतःचे मागचे दिवेही दिसत नाहीत. शेपटीच्या दोन टोकांना दोन ठिपके लुकलुकत होते. लाल म्हणायचं ते केवळ सवयीनं. विझत आलेली उदबत्तीच. राखसुद्धा झाडलेली नाही.

तिथून साताऱ्यापर्यंत सौभाग्यवती एक शब्द बोलली नाही. ती मागच्या सीटवर जाऊन बसली आणि पोरीचा हात धरून काचेतून मागे पाहत राहिली. मागचे दिवे कमी पडतात ते डोळ्यांनी भरून काढावं, तशी.

घरी आल्यावर अण्णांना सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि वर दिलेलं मत दिलं. मागच्याची नजर मंद. पुढं म्हणाले, "मी तेहतीस वर्षं चालवली. कोणी धडकलं?"

"अण्णा, तेव्हा रस्त्यावर गाड्याच नव्हत्या."

"म्हणजे दोष गाड्यांचा. दिव्यांचा नाही."

दुसऱ्या दिवशी बँकेत हा विषय काढला ही माझी चूक. बँकेत कर्जमाफीपासून गुडघेदुखीपर्यंत कुठल्याही विषयावर सल्ला मिळतो, आणि तोही विनातारण. हेडकॅशिअर म्हणाले, काचा घासा. लोन सेक्शन म्हणालं, जास्त वॉटचा बल्ब घाला. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की गाडीच विका. शिपाई म्हणाला, "मागं रेडियमच्या पट्ट्या लावा साहेब. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावत्यात." यातला शिपायाचा सल्ला सर्वांत शहाणपणाचा होता, आणि म्हणूनच तो मी सर्वांत शेवटी मानला.

पहिला प्रयोग काचांचा. दिव्यावरच्या लाल काचा सोडवल्या. नावाला काच, खरं म्हणजे ते प्लॅस्टिक. सौभाग्यवतीनं त्या भांडी घासायच्या चौकटीत घेतल्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवल्या. बाहेरची धूळ आम्हाला माहीत होती, आतली माहीत नव्हती. आतून निघालेल्या गाळात बहुधा डॉक्टरांच्या व्हिजिटची धूळसुद्धा असावी. काचा लखलखीत झाल्या. दिवे पूर्वी विझत आलेल्या उदबत्तीसारखे होते, ते आता नुकत्याच लावलेल्या उदबत्तीसारखे दिसू लागले.

दुसरा प्रयोग बल्बचा. या गाडीच्या मागच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. एक पाच वॉटची, ती दिवे लावले की सतत जळते. दुसरी एकवीस वॉटची, ती ब्रेक दाबला की. म्हणजे मागच्याला दोन वेगळे निरोप द्यायचे असतात. मंद उजेड म्हणजे "मी आहे", आणि लख्ख उजेड म्हणजे "मी थांबतोय". ही माहिती मला नंतर झाली. आधी मी दुकानात जाऊन "सगळ्यात जोरदार द्या" एवढंच म्हणालो. दुकानदारानं पांढरे एलईडी दिले. उजेड पडला, नाही असं नाही. पण लाल काचेतून फक्त लालच बाहेर येतं, बाकीचं आतच अडतं. म्हणून लाल काचेमागे लाल एलईडीच हवा असतो. पांढऱ्याचा रंग आला तो रूह अफजामध्ये दूध जास्त झाल्यासारखा. आणि त्या स्वस्त बल्बात "मी आहे" आणि "मी थांबतोय" यांत काही फरकच नव्हता. ब्रेक दाबा, सोडा, दोन्ही सारखंच. आमच्या खात्यात हे म्हणजे जमा आणि नावे एकाच शाईनं, एकाच रकान्यात लिहिण्यासारखं. मी ते काढून पुन्हा जुने बल्ब लावले.

दिवे अंधूक तर अंधूकच. शिवाय एक जुनी खोड होती. उजवा सिग्नल दिला की उजवा टेललॅम्पही बरोबरीनं डोळा मिचकावायचा. अण्णांच्या मते ही गाडीची हौस होती.

शेवटी गाडी पोवई नाक्याजवळच्या एका वायरिंगवाल्या चाचांकडे नेली. चाचांचं वय अण्णांच्या आसपास. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, त्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. त्यांनी डिकी उघडली, बल्ब काढला, कानाशी हलवून पाहिला, आणि परत बसवला.

"बल्बला काय धाड भरलीय?" ते म्हणाले. "वायरीत बी काय नाय. करंट जातोय बराबर, साहेब. परत येत नाय."

मी चमकलो. कारण हेच वाक्य आमच्याकडे दर तिमाहीला होणाऱ्या मीटिंगमध्ये ऐकायला मिळतं.

चाचांनी एक लांब वायर घेतली. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला चिमट्यानं लावलं, दुसरं दिव्याच्या होल्डरच्या पत्र्याला नुसतं टेकवलं. आणि वाचकहो, भर दुपारी, उन्हात, तो दिवा असा पेटला की मी एक पाऊल मागे सरलो. टोक काढलं की उदबत्ती. टेकवलं की निखारा. चाचांनी हे तीनदा करून दाखवलं. जादूगार टोपी रिकामी असल्याचं दाखवतो तसं.

मग त्यांनी समजावलं. घरात दिव्याला दोन वायरी असतात. गाडीत जायला वायर असते, परतायला वेगळी नसते. गाडीचा पत्रा हीच परतीची वाट. त्याला म्हणायचं बॉडी अर्थ. दिव्याचा होल्डर पत्र्याला घट्ट, धातूला धातू लागून बसला पाहिजे. मध्ये गंज आला, रंग आला, माती आली की वाट अडते. वाट अडली की दिवा विझत नाही, मिणमिणतो. आणि करंटही मोठा बेरकी. एक वाट अडली की दुसरी शोधतो. शेजारच्या सिग्नलच्या बल्बमधून वळसा घालून घरी जायला बघतो. म्हणून ते डोळा मिचकावणं. ती हौस नव्हती, ती अडचण होती.

मी चाचांना म्हणालो, "म्हणजे हे थकीत कर्ज आहे."

आमच्याकडे अगदी हेच होतं. नव्वद दिवस वसुली आली नाही की खातं अनुत्पादक धरायचं. तोवर सगळेजण बघत असतात ते वाटपाकडे. कर्ज किती दिलं, किती जोरात दिलं, आणखी किती देता येईल. दिवा मंद झाला की मोठा बल्ब घाला म्हणणारे आमच्या लोन सेक्शनचे लोक मला आता नीट कळले. येणं कुठं अडलंय हे न बघता देणं वाढवायचं! इतकी वर्षं अण्णांनी हिणवलेली माझी पदवी त्या डिकीशी उभं राहून पहिल्यांदा विजेच्या उपयोगी पडली.

चाचांनी मीटर लावला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट. बल्बवर ९.८. बाकीचे वाटेत खर्ची पडत होते, व्हाउचरशिवाय. मी म्हटलं, म्हणजे वीसेक टक्के तूट, एवढी काही मोठी नाही. चाचा हसले. तारेच्या बल्बाचा हिशेब सरळव्याजाचा नसतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. वीस टक्के घटलं तर उजेड निम्म्याच्याही खाली. चक्रवाढ म्हणतात ती हीच, फक्त उलटी.

"किती घ्याल?" मी विचारलं.

"मी कशाला घेऊ?" चाचा म्हणाले. "आयतवारी घरी बसून करा. घासायचं काम हाय. कारकुनाला जमंल."

हे त्यांनी प्रेमानं म्हटलं असं मी धरून चाललो आहे.

रविवारी सकाळी बसलो. आधी बॅटरीची निगेटिव्हची वायर सुटी केली. मग दिवा सोडवला. स्क्रू फिरेनात. तेल सोडलं, चहा घेतला, मग फिरले. दिव्याखालचं रबर चपटं होऊन कडक पापडासारखं झालेलं. तिथून पावसाचं पाणी आत येत होतं. साताऱ्याचा पाऊस आणि इतकी वर्षं, म्हणजे गुणाकार तुम्हीच करा. आतल्या भांड्याला एके काळी चकचकीत मुलामा होता. उजेड मागे फेकणं त्याचं काम. आता त्याचा रंग जुन्या तव्याचा झाला होता. तारेच्या ब्रशनं गंज काढला, पॉलिश पेपर मारला, आणि त्याला चंदेरी रंगाचे दोन हात दिले.

मग होल्डर बसतो ती गाडीच्या पत्र्यावरची जागा घासायला घेतली. गंज गेला. गंजाखाली रंग निघाला. दुधी रंग. रंगाखाली आणखी रंग. मी घासतोय, रंग संपेना. अण्णा गॅलरीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. म्हणजे वर्तमानपत्र डोळ्यांपुढं धरून मला बघत होते.

शेवटी लखलखीत धातू दिसला. तरी चाचांच्या सांगण्याप्रमाणे नुसत्या पत्र्यावर भिस्त न ठेवता होल्डरपासून डिकीतल्या स्वच्छ बोल्टपर्यंत एक वेगळी वायर ओढली. परतीची पक्की व्यवस्था. जामीनदार म्हणा. वर थोडं ग्रीस, नवं रबर. नव्या लाल काचा एका मित्रानं मुंबईहून, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणून दिल्या होत्या. गाडीचा कारखानाही कुर्ल्याचाच. म्हणजे काचा माहेरच्याच निघाल्या.

हे सगळं होईतो संध्याकाळचे सात वाजले. आता तपासणी. दिवे लावून मागे आलो. सुरेख. पण ब्रेकचा दिवा बघायचा तर ब्रेक दाबायला कोणीतरी आत हवं, आणि मी एकाच वेळी आत आणि मागे असू शकत नाही. सौभाग्यवती पोळ्या करत होती. पोरगी क्लासला. मी गॅलरीकडे पाहिलं. वर्तमानपत्र किंचित खाली आलं.

"अण्णा," मी म्हटलं, "जरा ब्रेक दाबायला येता?"

अण्णा उठले. आत गेले. मला वाटलं, रागावले. दोन मिनिटांनी आले ते लेंगा बदलून, पँट घालून, केस विंचरून.

त्यांनी दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दोन वर्षांनी. सीट जरा पुढं घेतली. आरसा स्वतःच्या उंचीला केला. हात आपोआप स्टिअरिंगशेजारच्या गिअरच्या दांडीवर गेला, न्यूट्रल आहे का ते बघून परत आला. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"दाबा!"

"दाबलंय!"

दोन निखारे भडकले. समोरच्या शेजाऱ्यांची कंपाउंडची भिंत लाल झाली. त्यांचं मांजर भिंतीवरून उतरून गेलं.

"सोडा!"

"सोडलंय!"

"परत दाबा!"

गेल्या दोन वर्षांत आम्ही बापलेक एकमेकांशी एवढं बोललो नव्हतो. आणि एवढं एकमताचं तर जन्मात नाही. खरं म्हणजे दोनदा दाबून काम झालं होतं. मी आठ-दहा वेळा दाबायला लावलं.

मग अण्णा उतरले. "तू बस," म्हणाले. "मला बघू दे."

मी आत बसलो. ब्रेक दाबला. मागून काहीच आवाज येईना. "दिसतंय का?" मी ओरडलो. उत्तर नाही. आरशात पाहिलं. अण्णा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते, आणि त्यांचा चेहरा लाल उजेडात न्हाला होता. बराच वेळ त्यांनी "सोड" म्हटलंच नाही. माझ्या पोटरीला गोळा आला तरी मी ब्रेक सोडला नाही.

शेवटी खिडकीशी आले.

"मी ही गाडी मागून कधी बघितलीच नाही रे," ते म्हणाले. "रात्रीची."

"मीही नव्हती बघितली."

थोडं थांबून म्हणाले, "तो रंग मीच लावून घेतला होता. ९८ साली. पेंटर म्हणत होता, दिवे बसतात तिथं मारायला नको, पत्रा उघडा राहू दे. मी म्हटलं, गंजेल. सगळीकडे दोन हात जास्तीचे मार. मी ओव्हरसियर, तो पेंटर. त्यानं मारले."

अण्णांनी स्वतःची चूक सांगितल्याची आमच्या घरातली ही पहिलीच नोंद. मी काय बोलणार? मी म्हटलं, "रंग मात्र अजून छान आहे."

"आहेच," अण्णा म्हणाले.

किल्ली गाडीलाच होती. ती काढून त्यांनी तळहातावर घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती मागायची की नाही, हा प्रश्न मला त्या दिवशी घाटातल्या ट्रकापेक्षा कठीण वाटला.

"घाबरू नकोस," अण्णा म्हणाले. "चालवणार नाही. मानेला वळत नाही आणि मागचं दिसत नाही. हे मला त्या दूधवाल्याच्या आधीपासून ठाऊक आहे." आणि किल्ली त्यांनी पँटच्या खिशात टाकली.

ही हकीकत मी दुसऱ्या दिवशी चाचांना सांगितली, तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "साहेब, त्याला माणूस कशाला लागतो? अंधार पडल्यावर गाडी भितीला पाठ करून लावायची, आत बसून ब्रेक दाबायचा, आन् आरशात बघायचं. भितीवर दिसतंय की!"

खरं आहे. आमच्या गाडीमागे तर आयतीच भिंत होती. ही युक्ती मला एक दिवस आधी कळली नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. शिपायाच्या रेडियमच्या पट्ट्याही मग लावल्या. दिवा कधीही जाऊ शकतो, पट्टीला बॅटरी लागत नाही. बल्बवरचं व्होल्टेज आता ११.९ आहे. सौभाग्यवती गाडीत पुन्हा पुढच्या सीटवर बसते.

आता रोज दिवेलागणीला सौभाग्यवती देवापुढे निरांजन लावते, आणि त्याच सुमारास अण्णा किल्ली घेऊन खाली उतरतात. गाडीत बसतात, दिवे लावतात, उतरून मागे जातात, दोन्ही दिवे लागलेत असं बघतात, फडक्यानं काचा पुसतात, आणि विझवून वर येतात. दहा मिनिटांचा कार्यक्रम. गाडी कुठं जायची नसली तरी.

मागच्या महिन्यात एकदा ते विझवायला विसरले. सकाळी मी बँकेत निघालो, किल्ली फिरवली, तर गाडी नुसती खोकली आणि गप्प झाली. मी, शेजारी आणि दूधवाला, तोच तो, अशा तिघांनी मिळून ती बोळाच्या टोकापर्यंत ढकलली तेव्हा कुठं चालू झाली. अण्णा गॅलरीतून बघत होते.

"अण्णा, रात्रभर दिवे चालू होते!" मी खालून ओरडलो.

"दिव्यांना काही झालेलं नाही," अण्णा वरून म्हणाले. "बॅटरी मंद आहे."